अरण्य पेरणारी कासवे

मावळातल्या वराळ्यापासून कोकणातल्या वेंगुर्ल्यापर्यंत महाराष्ट्रात देवळांची वाण नाही. त्यातल्या बहुतेक जुन्या शिवालयांत गाभाऱ्याकडे जाणाऱ्याची पावले क्षणभर एका दगडी कासवापाशी थबकतात. समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर पेलणारा कूर्मावतार तो हाच. आपली इंद्रिये आवरून घेणाऱ्या साधकाला गीतेने उपमा दिली तीही कासवाचीच. त्यामुळे मराठी मनात कासवाची प्रतिमा पक्की ठसलेली आहे : संथ, निश्चल आणि अंग चोरून बसलेले. हिंदी महासागरात मात्र असे एक छोटे बेट आहे, जेथे कासव दिवसभर राबते. ते तण खुडते, फळे वेचते, बिया वाहून नेते आणि कोणाच्याही नकळत एक उद्ध्वस्त अरण्य पुन्हा पेरत जाते.

हे बेट मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यालगत आहे. त्याचे फ्रेंच नाव 'ईल ओझेग्रेत', म्हणजेच बगळ्यांचे बेट. मराठी माणसाला मॉरिशस परके नाही. १८३४ पासून ऊसमळ्यांवर राबण्यासाठी गिरमिटिया मजूर म्हणून सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला आणि कोकणातली जाखडी 'झाकरी' या नावाने जिवंत ठेवली. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. हे मजूर जेथे उतरले, ते पोर्ट लुईचे 'आप्रवासी घाट' हे ठिकाण २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. मुंबईहून मॉरिशसला जाणारा पर्यटक हा घाट पाहतो, गंगा तलावाचे दर्शन घेतो, समुद्रस्नान करतो. परंतु विमानतळापासून जेमतेम काही किलोमीटरवर असलेले हे बेट अनेकांच्या सहल-पत्रिकेत नसते. महाकाय कासवांसोबतचा एक दिवस हे त्याचे आकर्षण खरेच. पण त्या कासवांना तेथे का आणले, हे कळले की त्या दिवसाचा अर्थच बदलतो.

होडीतून पाच-दहा मिनिटे

माएबूर हे मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरचे जुने बंदर. १८१० च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली ती याच उपसागरात. गावाच्या दक्षिणेला प्वांत जेरोम नावाचा धक्का आहे. तेथून निघालेली होडी पाच-दहा मिनिटांत बगळ्यांच्या बेटाला लागते. बेट किनाऱ्यापासून एक किलोमीटरही दूर नाही आणि क्षेत्रफळ अवघे २६ हेक्टर, म्हणजे सुमारे ६५ एकर. मॉरिशसचा मुख्य भूभाग ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. हे बेट मात्र प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीचे आहे. पायाखालचा खडक धारदार आणि खाचखळग्यांनी भरलेला असल्याने चपलांऐवजी बूट घालून जाणेच शहाणपणाचे.

बेटावर एकट्याने भटकता येत नाही. 'मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन' या संस्थेचे मार्गदर्शक छोट्या गटांना ठरलेल्या पायवाटेने फिरवतात. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत प्रसिद्ध निसर्गलेखक जेराल्ड ड्यूरेल यांचा वाटा होता. १९६५ मध्ये या बेटाला राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला होता, परंतु त्याच्या पुनरुज्जीवनाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते ऐंशीच्या दशकात संस्थेने त्याची जबाबदारी घेतल्यानंतर.

पायवाट झाडीत शिरते आणि काही पावलांवर वाटेच्या कडेला एखादा मोठा करडा दगड दिसतो. तो दगड हलू लागतो तेव्हा पाहणाऱ्याला कळते, की हे कासव आहे! प्रौढ नराची पाठ चार फुटांपर्यंत लांब असू शकते आणि वजन अडीचशे किलोपर्यंत जाते. पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा, मान सुरकुतलेली आणि लांब. सकाळी ऊन कोवळे असताना ही कासवे चरत असतात. ऊन चढले, की ती झाडांच्या सावलीत किंवा खडकाच्या कपारीत शिरतात. हा आळस नव्हे. थंड रक्ताच्या या प्राण्याला घाम येत नाही. दुपारच्या उन्हात कवच तापले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच कासवांची लगबग पाहायची तर सकाळची फेरी गाठावी. मानेजवळ हळुवार स्पर्श झाला, की काही कासवे चारही पायांवर उंच उठून मान ताणतात. पक्ष्यांनी अंगावरचे कीटक टिपावेत म्हणून ती अशी उभी राहत असावीत, असे मानले जाते. स्पर्श करावा की नाही, हे मात्र सोबतचा मार्गदर्शक ठरवतो.

एक गोष्ट येथे स्पष्ट करायला हवी. मराठीत 'कासव' हा एकच शब्द समुद्री कासवालाही चालतो आणि जमिनीवरच्या कासवालाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले ही समुद्रात पोहणारी जात आहे; तिच्या पायांची वल्ही झालेली असतात. महाकाय कासव मात्र पूर्णपणे जमिनीवर राहणारे. मग ते महासागरातल्या बेटांवर पोहोचले कसे? त्याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात टांझानियाच्या किनाऱ्यावर एक महाकाय कासव समुद्रातून चालत बाहेर आले. त्याच्या पायांवर समुद्री शिंपल्यांसारखे जीव चिकटून वाढले होते, यावरून ते अनेक आठवडे पाण्यात तरंगत असावे, असा निष्कर्ष निघाला. त्याचे मूळ ठिकाण असलेले अल्डाब्रा बेट तेथून सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. महाकाय कासवाला नीट पोहता येत नाही, पण ते बुडत नाही आणि अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ तग धरते. लाखो वर्षांपूर्वी अशाच काही कासवांना प्रवाहांनी दूरच्या बेटांवर नेऊन सोडले असणार.

जी कासवे उरली नाहीत

आज बगळ्यांच्या बेटावर दिसणारी कासवे मूळची तेथील नाहीत. त्यांची जात अल्डाब्राची. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवे कधीच नष्ट झाली. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांच्या समूहात एकेकाळी महाकाय कासवांच्या पाच जाती होत्या. त्यांतल्या दोन मॉरिशसच्या : एक घुमटासारख्या पाठीची, जमिनीलगतचे गवत चरणारी, दुसरी खोगिरासारख्या पाठीची, मान उंचावून झुडपांचा पाला खाणारी. या बेटांवर मोठे सस्तन प्राणी नव्हते. आपल्याकडे जे काम चितळ, सांबर आणि गवे करतात, ते तेथे कासवे करीत.

१५९८ मध्ये डच दर्यावर्दी मॉरिशसला पोहोचले आणि हे चित्र पालटले. शिडाच्या जहाजांच्या त्या काळात ताजे मांस टिकवणे ही मोठी अडचण होती. कासव हे त्यावर आयतेच उत्तर ठरले. त्याला जहाजाच्या तळात टाकून ठेवले, तरी ते दाणापाण्यावाचून महिनोन्महिने जगे. खलाशांनी त्यांची मांसासाठी आणि तेलासाठी बेसुमार लूट केली. जहाजांसोबत आलेल्या उंदरांनी आणि डुकरांनी अंडी व पिल्ले फस्त केली. डोडो हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकातच संपला. मॉरिशसमधली कासवे दुर्मिळ झाल्यावर अठराव्या शतकात रॉड्रिग्ज बेटावरून जहाजे भरभरून हजारो कासवे आणली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथीलही संपली. पाचपैकी एकही जात आज शिल्लक नाही.

अल्डाब्रा मात्र वाचले. सेशेल्सचा भाग असलेले हे कंकणाकृती प्रवाळबेट अतिशय दूर आहे. तेथे गोड्या पाण्याची वानवा आणि खडक सुरीसारखा, म्हणून कायमची वस्ती झाली नाही. तेथील कासवांवरही संकट येऊ लागले, तेव्हा १८७४ मध्ये चार्ल्स डार्विन यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून त्यांच्या संरक्षणाची विनंती केली. १९६० च्या दशकात तेथे लष्करी विमानतळ उभारण्याची ब्रिटनची योजनाही शास्त्रज्ञांच्या विरोधानंतर बारगळली. १९८२ मध्ये अल्डाब्रा जागतिक वारसा स्थळ झाले. आज तेथे सुमारे एक लाख महाकाय कासवे आहेत. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ मध्ये मरण पावलेले 'अद्वैत' हे वयोवृद्ध कासवही अल्डाब्राच्या जातीचेच. ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले होते, असे सांगितले जाई.

आबनूस आणि कासव

एक जात नष्ट झाली म्हणजे केवळ एक प्राणी गेला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर त्याचे कामही जाते आणि त्या कामावर विसंबून असलेले इतर जीव अडचणीत येतात. बगळ्यांच्या बेटावर हे काळ्याकुट्ट लाकडाच्या आबनूस वृक्षाच्या बाबतीत घडले. आपल्याकडे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, त्या टेंभुर्णीचा हा जवळचा भाऊबंद. डचांना मॉरिशसमध्ये रस वाटण्याचे एक मोठे कारण या वृक्षाचे मौल्यवान लाकूड हे होते. पुढे ऊसमळ्यांनी उरलेले अरण्य गिळले. आज मॉरिशसमध्ये चांगल्या स्थितीतले मूळ अरण्य दोन टक्क्यांहून कमी उरले आहे. समुद्रकाठच्या कोरड्या अरण्याचे तर बगळ्यांचे बेट हे अखेरच्या अवशेषांपैकी एक. तेही अबाधित राहिले नाही : तेथील झाडे तोडली गेली आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तेथे तोफांचे मोर्चे बांधले. त्या मोर्चांचे अवशेष आजही पाहायला मिळतात.

या बेटावरच्या आबनुसाची फळे मोठी असतात आणि ती फणसासारखी थेट खोडाला व जाड फांद्यांना लगडतात. पिकली, की झाडाखालीच पडतात. ती गिळून बिया दूर नेणारा प्राणीच उरला नसल्याने बिया आईच्या सावलीत पडून राहात. जेथील आबनूस पूर्वी तोडला होता, तेथे तो पुन्हा उगवत नव्हता. म्हाताऱ्यांचे गाव असावे आणि त्यात एकही मूल नसावे, तशी त्या अरण्याची अवस्था होती.

तेव्हा शास्त्रज्ञांनी एक धाडसी विचार केला. जो प्राणी नाहीसा झाला तो परत आणता येत नाही. पण त्याचे काम करू शकणारा त्याचा नातेवाईक आणता येईल का? २००० मध्ये अल्डाब्राची काही कासवे बेटावर आणली गेली. आधी ती कुंपणात ठेवून त्यांचे खाणे-पिणे, विष्ठा आणि वनस्पतींवर होणारे परिणाम यांचा अभ्यास झाला. मग टप्प्याटप्प्याने त्यांना मोकळे सोडण्यात आले. या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कासवांनी आबनुसाची फळे आवडीने खाल्ली होती. त्यांच्या पोटातून बाहेर पडलेल्या बिया न खाल्लेल्या बियांपेक्षा चांगल्या रुजत होत्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तोडलेल्या भागांतही आबनुसाची रोपे दाट उगवली होती. बी गिळायचे, सावकाश चालायचे आणि काही दिवसांनी खतासकट ते कोठेतरी टाकायचे. कोणत्याही रोपवाटिकेला हे इतक्या स्वस्तात जमले नसते!

दुसरे काम खुरपणीचे. बाहेरून आलेल्या झुडपांनी बेट व्यापले होते. महाराष्ट्रात सत्तर-ऐंशीच्या दशकांत उत्साहाने लावली गेलेली सुबाभूळ तेथेही तण म्हणून माजलेली. तिचा कोवळा पाला कासवे चवीने खातात. याउलट कित्येक स्थानिक झाडांची रोपे कासवांच्या तोंडातून सुटतात. या झाडांची लहानपणीची पाने आकाराने व रंगाने मोठेपणीच्या पानांपेक्षा वेगळी असतात. लाखो वर्षे कासवांच्या सहवासात वाढल्यामुळे त्यांनी हा बचाव साधला असावा, असे अभ्यासक मानतात. कासवे गेली, तरी झाडांनी त्यांची आठवण अशी पानांत जपून ठेवली होती.

पाहुणा आणि घुसखोर

येथे एक प्रश्न उभा राहतो. याच बेटावरून बाहेरचे उंदीर आणि मांजरे मोठ्या परिश्रमाने हटवण्यात आली. मग बाहेरचेच कासव आणणे कसे चालते? या प्रश्नाचे उत्तर कासवाच्या स्वभावातच आहे. उंदीर काही महिन्यांत शेकड्यांनी वाढतो. महाकाय कासवाला वयात यायलाच वीस वर्षांहून अधिक काळ लागतो. उंदीर लपतो; अडीचशे किलोचे कासव लपून लपून कोठे लपणार? गुडघाभर उंचीचे कुंपण त्याला अडवते. प्रयोग अंगाशी येतोय असे दिसले, तर एकेक कासव मोजून परत नेता येते. म्हणजेच चूक झाली तर ती सुधारण्याची संधी शिल्लक राहते. पर्यावरणाच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. हाच प्रयोग २००७ पासून मॉरिशसच्या उत्तरेकडील राउंड बेटावरही सुरू झाला. त्याच वर्षी रॉड्रिग्ज बेटावर महाकाय कासवांचे एक राखीव क्षेत्र खुले झाले. तेथे आज कासवांचे मोठमोठे कळप फिरतात.

कासवांबरोबर इतरही जीव बेटावर परतले. १९९० च्या सुमारास रानात अवघी दहाएक उरलेली गुलाबी कबुतरे प्रजनन केंद्रात वाढवून पुन्हा सोडण्यात आली. त्यांतली काही या बेटावर दिसतात. राउंड बेटावरून आणलेली सापसुरळीच्या कुळातली एक मोठी जातही येथे नांदते. पायवाटेवरून जाताना पाहुण्याला कबुतर, सुरळी आणि कासव एकाच दृष्टिक्षेपात दिसण्याचा योग येऊ शकतो. डोडो सोडला, तर चारशे वर्षांपूर्वीच्या मॉरिशसची ही एक झलकच.

परंतु ही झलक किती नाजूक आहे, हे २०२० मध्ये दिसले. त्या वर्षी २५ जुलैला 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज बेटाजवळच्या प्रवाळखडकावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याची टाकी फुटली आणि सुमारे हजार टन इंधन तेल समुद्रात पसरले. बगळ्यांच्या बेटाचा किनाराही काळा पडला. रोपवाटिकेतली हजारो रोपे आणि काही दुर्मिळ पक्षी घाईने मुख्य भूमीवर हलवावे लागले. सामान्य नागरिकांनी उसाची चिपाडे कापडात भरून तेल अडवणारे तराफे शिवले. ज्या उसापायी त्या देशाचे अरण्य गेले, त्याच उसाची चिपाडे उरलेले अरण्य वाचवायला धावून आली!

जाणाऱ्यांसाठी

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील हिवाळा मे ते ऑक्टोबरमध्ये असतो. हे दिवस कोरडे आणि सुखद असतात. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. बेटावरची फेरी दीड-दोन तासांची असते आणि तिची नोंदणी आधी करावी लागते. पाण्याची बाटली, टोपी आणि बूट आवश्यक. कासवाला काहीही खायला घालू नये, पाठीवर मुलांना बसवू नये आणि बी, शिंपला वा दगड उचलून आणू नये. बुटांना चिकटून आलेले एखादे बीसुद्धा तेथे नवे तण ठरू शकते, म्हणून निघण्यापूर्वी तळवे झटकलेले बरे. प्रवेश शुल्कातून संवर्धनाच्या कामाला हातभार लागतो, हेही लक्षात ठेवावे. मॉरिशसमध्ये महाकाय कासवे पाहण्याची इतरही ठिकाणे आहेत. पांपलमूसच्या वनस्पती उद्यानात किंवा दक्षिणेकडच्या ला व्हॅनिल उद्यानात ती अधिक जवळून दिसतात. मात्र कासव कामावर असताना पाहायचे तर बगळ्यांच्या बेटाला पर्याय नाही.

आपल्या अंगणातले कासव

ही गोष्ट दूरच्या बेटाची असली, तरी तिचा धडा जवळचा आहे. महाराष्ट्रातही कासवांचे भले-बुरे दोन्ही अनुभव आहेत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून वेळास येथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे ग्रामस्थांच्या सहभागाने तेथे कासव महोत्सव उभा राहिला आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पुण्या-मुंबईचे पर्यटक पहाटे किनाऱ्यावर जमू लागले. दुसरीकडे, घरात कासव असले की लक्ष्मी नांदते या समजुतीपायी पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली तारा कासवे आजही चोरून विकली जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. फुटबिलाच्या काचपेटीत ठेवलेल्या कासवाला ना बी पेरता येते, ना तण खुडता येते. ते जगते, पण त्याचे काम मरते.

त्याहून वेगळी गोष्ट लाल कानांच्या कासवाची. मूळ अमेरिकेतले हे हिरवे पिल्लू मत्स्यालयांच्या दुकानांतून मुलांसाठी हौसेने घेतले जाते. ते ताटाएवढे झाले, की कोणी तळ्यात तर कोणी नदीत सोडून देतो. सोडणाऱ्याला वाटते, पुण्य केले. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. अल्डाब्राचे कासव मॉरिशसला नेण्याआधी शास्त्रज्ञांनी कुंपण घालून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. आपण मात्र एका रविवारच्या संध्याकाळी परका प्राणी तळ्यात सोडून घरी परततो. पाहुणा आणि घुसखोर यांतला फरक प्राण्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. तो कोणत्या कामासाठी, किती विचाराने आणि कोणाच्या देखरेखीखाली आणला गेला, यावरून ठरतो.

मॉरिशसने आपली कासवे घालवली ती शंभर-सव्वाशे वर्षांत. त्यांची जागा भरून काढण्याचे काम सुरू होऊन पाव शतक झाले आणि आबनुसाची रोपे आता कोठे डोके वर काढू लागली आहेत. त्यांचे वृक्ष होण्यास आणखी काही पिढ्या जाव्या लागतील. ते पाहायला त्या रोपांची बी गिळणारी काही कासवे कदाचित असतील, पण ती कासवे तेथे आणणारी माणसे नसतील. उसना गडी शेत राखतो, पण मूळ मालक गेला तो गेलाच. म्हणूनच जे आपल्याकडे अजून शिल्लक आहे, ते उसन्या गड्याची वेळ येण्यापूर्वीच राखणे शहाणपणाचे.